टोपी जरा डावीकडं

आमच्या कुंभार पिंपळगावला जांब समर्थ अगदी शेजारी. रामदास स्वामी तिथले, जन्म १६०८ चा. बोहल्यावर उभा असलेला नारायण, म्हणजे पुढचे रामदास, 'सावधान' हा शब्द कानावर पडताच मंडपातून निसटला, ही गोष्ट आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होते. मी असा शेजारगावचा असून मला मात्र तो शब्द कधी वेळेवर ऐकू आला नाही. कुणी दारात येऊन म्हणतं, "सर, आमच्या बापाचा एक फोटो काढून द्या ना हातानं," आणि मी अंतरपाट धरल्यासारखा कागद धरून उभा राहतो.

'फोटो' हाच शब्द. हातानं काढलेला फोटो. शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, 'व्यक्तिचित्र' हा शब्द फळ्यावर शेकडो वेळा लिहिला, पण गावात तो कुणाच्या तोंडी बसला नाही. आता वाटतं, गावाचंच बरोबर असावं. माणसं येतात ती जिवंतपणी काढायचा राहून गेलेला फोटो मागायलाच.

सोबत आणतात आधार कार्ड. कार्डावरचा चेहरा हा त्या माणसाचा सगळ्यात अपराधी चेहरा असतो. दोन तास रांगेत उभं राहून, वर 'हलू नका' असा दम खाऊन काढलेला. पोलीस ठाण्यातसुद्धा माणूस इतका घाबरत नाही. त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सचा मोबाईलवर काढलेला फोटो, आणि त्यावरून मी अठरा बाय चोवीस इंचांत एक प्रसन्न गृहस्थ उभा करायचा. दुसरा पुरावा म्हणजे पुतण्याच्या लग्नातला ग्रुप फोटो. "हे बघा, नवरदेवाच्या खांद्यामागं अर्धे दिसतात ते." उरलेले अर्धे मी कुठून आणावेत, हे कुणी सांगत नाही. तिसरा, नातवानं हातभर अंतरावरून घेतलेला मोबाईल फोटो. इतक्या जवळून नाक कॅमेऱ्याला कानापेक्षा बरंच जवळ पडतं, म्हणून ते फुगतं आणि कान मागं पळतात. पाच-सहा हात मागं सरकून काढलं तर तेच नाक मुकाट्यानं जागेवर बसतं. हे मी प्रत्येकाला सांगतो. पण सांगून उपयोग काय, आजोबा आता मागं सरकून बसायला राहिलेले नसतात.

मग घाईचा भाग. तेलरंगात जवसाचं तेल असतं. आमच्याकडं भाकरीबरोबर जवसाची चटणी खातात, त्यामुळं हे तेल मला पहिल्यापासून घरातलं वाटायचं. पण ते पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू शोषत शोषत सावकाश घट्ट होतं. पातळ थराला काही दिवस, जाड थराला काही आठवडे लागतात, आणि वॉर्निशसाठी सहा महिने थांबावं असं शिकवतात. इकडं तेरवीला तेराच दिवस. त्यातले चार रडण्यात जातात, दोन भावकीच्या बैठकीत, आणि सातव्या दिवशी कुणाला तरी फोटोची आठवण होते.

सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा सहा दिवसांत तेलरंगात चित्र करून दिलं होतं. मंडपात पाटावर मांडलं, हार घातला. भावकीतले वडीलधारे पुढं झाले आणि त्यांनी रीतीप्रमाणं अंगठ्यानं कपाळावर गंध लावलं. गंध कपाळावर राहिलं, पण कपाळ अंगठ्यावर आलं. भरल्या मंडपात त्यांनी आधी अंगठ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तेव्हापासून तेरवीच्या कामाला मी कोळसा नाहीतर पेन्सिल वापरतो आणि वर काच बसवूनच देतो. ओले हार, उदबत्तीचा धूर, कुंकू, अक्षता हे सगळं चित्रावर येणारच आहे. घरातल्या माणसावर इतका मारा जिवंतपणी कधी झालेला नसतो.

भावाचं बोलणं तर कापडाच्या दुकानात बसल्यासारखंच चालतं. "इंचाला काय?" मी म्हणतो, छातीपर्यंत इतके, हात दाखवायचे तर जास्त. हात काढणं चेहऱ्याइतकंच अवघड, कधी चेहऱ्याहून अवघड. एकानं यावर तोड काढली, "मग हात खिशात घाला." त्याचा बाप धोतरातला. धोतराला खिसा कुठला? शेवटी छातीपर्यंतच ठरलं, वर 'घड्याळ तेवढं दिसू द्या' अशी अट. छातीपर्यंतच्या चित्रात घड्याळ दाखवायचं तर ते गळ्यात बांधावं लागलं असतं.

बैलबाजारात इसार दिल्या-घेतल्याशिवाय सौदा पक्का धरत नाहीत. एवढी साधी गोष्ट मी कित्येक वर्षं पाळली नाही. मेलेल्या बापाच्या कामाला इसार कसा मागायचा, असं वाटायचं. "कापूस गेला की देतो", "उसाचं बिल निघालं की लगेच" ही वाक्यं ऐकून मी काम करत गेलो. कापसाचा भाव पडला की माझ्याकडच्या माणसांना न्यायला कुणी येत नाही. अशी चार माणसं आजही खोलीत भिंतीला टेकून बसलेली आहेत. शिकवणीला येणारी पोरं आत शिरताना त्यांना नमस्कार करतात, त्यांना वाटतं ते माझे पूर्वज असावेत. गावाच्या नावातला कुंभार यापेक्षा सुखी. गिऱ्हाईक माठ उचलतं, बोटाच्या पेरानं टकटक करून आवाज ऐकतं, पैसे देतं, जातं. माठ माझ्या चुलत्यासारखा दिसत नाही, अशी तक्रार कुंभाराच्या दारात कुणी नेलेली नाही.

कायद्याचं एक कलमही मला उशिरा कळलं. मी काढलेलं एका बड्या माणसाचं चित्र पुण्यस्मरणाच्या फ्लेक्सवर चौकाचौकात झळकलं, आणि कोपऱ्यातली माझी सही तेवढी कापलेली. मी तावातावानं ओळखीच्या वकिलाकडं गेलो. त्यानं कपाट उघडून १९५७ चा कॉपीराइट कायदा काढला आणि कलम १७ शांतपणे वाचून दाखवलं. मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून व्यक्तिचित्र काढलं आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक काढायला सांगणारा असतो. "तुम्ही करार केला होता का?" करार! मी तर इसारही घेतला नव्हता. पुढं कलम ५७ वाचून त्यानं जरा फुंकर घातली. चित्र माझं आहे असं म्हणण्याचा हक्क माझ्याकडंच राहतो. तो तरी कुठं बजावायचा? सही करायला घेतली की गिऱ्हाईक दचकतं. "तुमचं नाव आमच्या अण्णांच्या खांद्यावर कशाला?" सातबाऱ्यावर बोजा चढवावा तसं त्यांना वाटतं. आता मी सही इतकी बारीक करतो की ती सदऱ्याची चुणी वाटावी.

खरं सांगायचं तर ज्यांना कुणी पाहिलेलं नाही, अशांची चित्रं काढणं फार सोपं. दाढी, जपमाळ, कुबडी काढली की समर्थ झाले. जांबच्या माणसानंही आजवर मला 'हे आमचे नव्हेत' असं म्हटलेलं नाही. तुकोबांचंच घ्या. १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला, आणि पुढं कित्येकांच्या मनात तुकोबा म्हणून विष्णुपंत पागनिसांचाच चेहरा बसला. शिवाजी महाराजांच्या नावावर तर कितीतरी वर्षं भलत्याच माणसाचं चित्र छापलं जात होतं. १९३३ मध्ये वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतलं अस्सल चित्र पुढं आणलं, तेव्हा कुठं ती चूक उमगली. तोवर लोक त्या भलत्याच माणसाला भक्तिभावानं हात जोडत होते, आणि चेहरा चुकतोय असं कुणाला वाटलं नव्हतं. माझ्याकडं येणारी अडचण उलटी. इथं बापाला पाहिलेली चाळीस माणसं अजून हयात असतात, आणि त्या चाळिसांनी चाळीस बाप पाहिलेले असतात.

सांगणारा एक, चित्रातला दुसरा, आणि ज्याच्या भिंतीवर ते चित्र राहणार तो तिसरा. या तिघांचं एकमत होईल असं धरून चालणारा चित्रकार लवकर म्हातारा होतो. विलायतेतही हेच झालेलं आहे. १९५४ साली चर्चिलसाहेबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तिथल्या संसद सदस्यांनी ग्रॅहम सदरलंड या नामांकित चित्रकाराकडून त्यांचं पूर्णाकृती चित्र करून घेतलं. मोठा समारंभ झाला. चित्र चर्चिलना मुळीच आवडलं नाही. ते घरी गेलं ते भिंतीवर लागलंच नाही, आणि पुढं बाईसाहेबांच्या मर्जीनं ते जाळून टाकण्यात आलं. म्हणजे संसदेनं सांगितलं, साहेबांनी सोसलं आणि निकाल बायकोनं लावला. सदरलंडनं काम घेण्याआधी बाईसाहेबांबरोबर एक चहा घ्यायला हवा होता, असं आपलं मला वाटतं. तशा अर्थानं हळदणकर भाग्यवान. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र, ज्याला कित्येक लोक रविवर्म्याचं समजतात, ते सावळाराम हळदणकरांचं आणि त्यात उभी आहे त्यांची स्वतःचीच मुलगी. मुंबईच्या वासुदेव कामतांना २००६ मध्ये अमेरिकेत मोठा पुरस्कार मिळाला तोही बायकोच्या चित्राला. घरची माणसं बसवली की इसाराचा प्रश्न येत नाही, आणि चेहरा जुळला नाही तर जेवायच्या वेळी कळतंच.

माझ्याकडं आलेलं सगळ्यात अवघड काम जोडप्याचं होतं. साठीचा एक शेतकरी दोन फोटो घेऊन आला. वडील चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले, त्यांचा फोटो अलीकडचा. आई हा चार वर्षांचा असताना गेली होती. तिचा जत्रेतल्या स्टुडिओतला एकच फोटो, मागं पडद्यावर रंगवलेलं तळं आणि हंस. वय असेल पंचवीस. "दोघं शेजारी शेजारी बसवा." मी कच्चं रेखाटन करून दाखवलं. आजोबा आणि नात बसल्यासारखं दिसत होतं. तोही बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, आईला जरा म्हातारं करा ना. बाबांच्या जोडीला."

वडलांना तरुण करणं मला जमलं असतं, पण तसे ते त्याच्या आठवणीत नव्हते. गोपाळ देऊसकरांनी पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासाठी खुद्द बालगंधर्व दोन रूपांत रंगवले, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले. एका माणसाला दोन चित्रं मिळाली. मला एका चित्रात दोन वयं जुळवायची होती, आणि त्यातलं एक वय त्या बाईच्या वाट्याला आलेलंच नव्हतं. मी विचारलं, आईवर कोण गेलंय? थोरली बहीण. तिला बोलावून घेतलं. ती दोन दुपारी प्लास्टिकच्या खुर्चीवर समोर बसली. तिच्या डोळ्यांखालच्या घड्या, हनुवटीखालची सैल कातडी, कपाळावरच्या आठ्या मी एक एक करून त्या पंचविशीतल्या चेहऱ्यावर उतरवत गेलो. ती दर थोड्या वेळानं उठून बघायची आणि विचारायची, "आशी दिसली आसती व्हय माय?" काम झाल्यावर भाऊ आला, त्यानं पाहिलं आणि तक्रार केली, "ही तर अक्कासारखी दिसाया लागली." अक्का फणकारली, "मग कुणावानी दिसावी तिनं? तुज्यावानी?"

त्या कामाचे पैसे वेळेवर मिळाले.

हे सगळं अनुभवून झाल्यावरही गेल्या वर्षी मी फसलो. तीन भाऊ होते. एक शेती बघतो, दोघं चाकणला कंपनीत. वडलांचं वर्षश्राद्ध जवळ आलेलं. आधार कार्ड, नातवाचा मोबाईल फोटो, सगळा नेहमीचा मालमसाला. नाक मी हिशेबानं बारीक केलं, चौकटी आखून डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर बसवले, कानांची पाळी मोजली. आधारवाल्यानं फोटो घेताना टोपी काढायला लावली होती, म्हणून टोपी मी माझ्या मनानं घातली, नीट सरळ, इस्त्रीची. कोळशातलं काम छान उतरलं होतं. मोबाईलवर तिघांना पाठवलं, तिघांचे अंगठे वर आले. अंगठ्यांवर विसंबू नये हे मी गंधाच्या वेळीच शिकायला हवं होतं.

श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतःच नेऊन दिलं. ओट्यावर खुर्ची ठेवून त्यावर फ्रेम उभी केली. म्हातारी आतून आली, दिव्याची तिरीप लागू नये म्हणून कपाळावर हात धरला आणि बराच वेळ बघितलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "कुणाचं हाय?"

कुणी काही बोललं नाही. थोरला लेक खाकरला. मी मनातल्या मनात नाक, कान, डोळे पुन्हा मोजून आलो. सगळं बरोबर होतं. म्हातारी माघारी फिरली. आत पेटीची कडी वाजली, आणि ती एक पांढरी टोपी घेऊन बाहेर आली. घडीवर दुमडलेली, आतून घामाची तपकिरी रेघ धरलेली. तिनं थोरल्याला खाली बसायला सांगितलं, ती टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि मग दोन बोटांनी डावीकडं ओढली. अजून जरा. डाव्या भुवईला टेकेपर्यंत.

"आता बगा."

त्या पन्नाशीच्या माणसाच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. डाव्या डोळ्यावर सावली आली, उजवी भुवई आपोआप वर चढली, आणि माणूस समोरच्याचं बोलणं अर्धंच खरं धरतोय असं दिसायला लागलं. धाकटा लेक दारातून एकदम म्हणाला, "बापू!" मी न बोलता फ्रेम आणि टोपी दोन्ही घेऊन घरी आलो.

रात्री तांब्या उपडा ठेवून त्यावर टोपी चढवली आणि दिवा उजवीकडं ठेवला. कोळशाचं एक बरं असतं, पुसता येतं. सरळ टोपी खोडरबरानं उडवली. नवी टोपी कलली तशी तिची घडी बदलली, घडी बदलली तशी सावली, आणि त्या सावलीखालचा डावा डोळा मला पुसून पुन्हा काढावा लागला, थोडा बारीक, थोडा मिश्कील. नाकाला हातही लावला नाही. दीड वाजला असेल.

सकाळी स्वयंपाकाची गडबड सुरू होण्याआधी फ्रेम पुन्हा त्याच खुर्चीवर ठेवली. म्हातारी तुळशीला पाणी घालून येत होती. ओट्याची पायरी चढली, फोटो समोर आला, आणि तिचा हात वर गेला. डोक्यावरचा पदर तिनं कपाळापर्यंत पुढं ओढला आणि अंग चोरून बाजूनं आत गेली. नंतर सुनेनं चहा आणला तोही तिनं खुर्चीकडं पाठ करून घेतला.

मी कुणाला काही विचारलं नाही.

पुढं पाऊस लांबला, मग जास्त झाला, आणि कापूस निघायला दिवाळी उलटली. टोपी माझ्याकडंच राहिली होती, खुंटीला लटकलेली. ती परत करायला जावं की राहिलेल्या पैशांची आठवण द्यायला, हे ठरेना. दोन्ही एकदम केलं तर टोपी ओलीस ठेवल्यासारखं दिसलं असतं. शेवटी एक दिवस थोरलाच दारात आला. पैसे मोजून दिले, पाचशे कमी होते, ते उसाच्या बिलावर ठेवले. मी खुंटीवरची टोपी काढून त्याच्यापुढं धरली.

त्यानं ती घेतली नाही.

"माय म्हणती, राहू द्या तुमच्याकडंच," तो म्हणाला. "त्यांच्या डोक्यावर हाय ना आता."